खंब्यावरच्या पट्ट्याचा धागा

धाग्याच्या बाबतीत कुसुमनं आजवर कोणाचं ऐकलेलं नाही. म्हणून तर सौंसरात तिच्या हातच्या चामडी पर्सा, कंडक्टरच्या थैल्या आणि पोळ्याचे बैलपट्टे वर्षानुवर्षं उसवत नाहीत. यावरून तिचा धाकटा भाऊ संदीप तिला चिडवायचा, "ताई, थोडं कच्चं शिवत जा व, धंदा चालन." आज तोच संदीप स्वतःचा पट्टा घेऊन दारात उभा होता आणि चिडवायचं विसरला होता.

संदीप एका ठेकेदाराकडं लाईनमन. विजेच्या खंब्यावर चढायचं, कमरेचा चामडी पट्टा खंब्याभोवती अडकवायचा, मागं रेलायचं आणि दोन्ही हात मोकळे ठेवून काम करायचं. त्या पट्ट्याची कडीजवळची शिलाई उसवली होती. पट्टाही काही नवा दिलेला नव्हता. आधीच्या लाईनमननं वापरून टाकलेला, ठेकेदारानं "चालते चालते" म्हणत याच्या गळ्यात घातलेला. नवा मागितला की उत्तर ठरलेलं, येऊन राहिला. कुठून येऊन राहिला देव जाणे, बैलगाडीनं निघाला असावा.

"उद्या लोधीखेड्याच्या लाईनवर चढाचं हाय," संदीप म्हणाला. "पट्टा धड नसन तर ठेकेदार दुसऱ्याले नेईन. मग माह्या कामाचं काई खरं नाई. असा धागा आन, का म्हैस लटकली तरी तुटला नाई पाह्यजे."

"म्हशीले कोन चढवून राहिलं खंब्यावर?" म्हणत कुसुमनं पट्टा हातात घेतला आणि शिलाई पाहिली. धागा सुती होता, घामानं कुजून काळा पडलेला. दोष सापडला म्हणून तिला बरं वाटलं. चामडं काही तिनं नीट निरखलं नाही. धाग्यातला माणूस आधी धागाच पाहतो, त्याला कोण काय करणार!

सौंसरात कपड्याचा धागा हवा तेवढा मिळतो, पण मशीनवर चामडं शिवायचा धागा कुसुम पांढुर्ण्याच्या मोतीरामकडूनच घेते. चपला-बॅगांचं सामान विकणारा हा म्हातारा, दुकानात रिळंच रिळं, आणि जिभेला हाड नाही. मोहगाववरून जाणारी बस त्या दिवशी चक्क वेळेवर आली आणि ती दुपारच्या आत तिथं पोचली.

"कोनत्या कामाले?" मोतीरामनं विचारलं.

"पट्टा हाय."

"बैलाचा?"

"मानसाचा."

"अरे बाप्पा! मानसाले कोन बांधून राहिलं व?"

कुसुमनं सांगितलं तसा म्हातारा गंभीर झाला. त्यानं मागच्या फळीवरून सगळ्यात जाड नायलॉनचं रीळ काढलं आणि टोक तिच्या हातात देऊन म्हणाला, "तोडून दाखव."

ती काही तोडायला गेली नाही. जाड धाग्याला जाड सुई लागते आणि जाड सुई मोठं भोक पाडते, एवढं तिला मशीननं कधीच शिकवलं होतं. शिवाय नायलॉन ताणलं की लांबतं, आणि खंब्यावर दिवसभर ऊन. "पॉलिस्टर काढा भैय्या," ती म्हणाली. "मधल्या जाडीचं. अन् चामड्याची सुई."

मोतीरामनं नाक मुरडत दुसरी रिळं समोर ठेवली. कुसुमनं एकेकाचं टोक बोटांत धरून फिरवलं. पहिल्याचे पदर लगेच सुटले. असा धागा मशीनच्या सुईपाशी पोचेस्तोवर उकलतो आणि टाका चुकतो. दुसरं रीळ दिसायला छान, पण मधेच बारीक, मधेच जाड. तिसऱ्याचा पीळ फिरवला तसा आणखी घट्ट बसला. तिनं तो धागा बोटाभोवती गुंडाळून जोरात हिसका दिला. बोटाला वळ उठला, धागा तसाच.

"बैलपट्ट्याले इतका पाह्यत नाई तू," मोतीराम म्हणाला.

"बैल खाली उभा राह्यते," कुसुम म्हणाली. परतीच्या बसमध्ये ते रीळ तिनं पिशवीत न ठेवता मुठीत धरलं होतं. भीती वाटत होतीच, पण असा धागा मिळाल्यावर ती बरीच ओसरली.

घरी येताच तिनं सुई बदलली, खाली बॉबिनलाही तोच धागा भरला आणि कडीजवळ दुहेरी शिलाई घातली. टाके असे बसले की बघत राहावं. संदीप खूश झाला. "वा ताई! ठेकेदार टाकेच पाह्यते. आता काई बोलाची सोय नाई त्याले."

पट्टा उचलल्यावर मशीनच्या पाटावर तपकिरी भुगा दिसला. थोडा नव्हे, चिमटीत येईल इतका. कुसुमनं बोट लावून पाहिलं. चांगलं चामडं शिवताना भुगा पडत नाही. तिनं पट्टा दुमडला, तशा त्यावर बारीक भेगा उघडल्या. कैक वर्षांचं ऊन आणि घाम पिऊन तो आतून वाळला होता, आणि त्याच्यात तिनं आत्ताच टाक्याटाक्याला नवं भोक पाडलं होतं.

"संदीप, हे चामडं मेलं हाय. धागा नाई तुटनार, चामडंच फाटन. पावतीबुकातली पावती फाटते, तसं."

"काई नाई होत व. नवा येईस्तोवर चालवून घेतो."

"चालवून घेतो म्हनते! मंग कडुलिंबाले बांध आन् झुक मागं. माह्या डोळ्यासमोर."

संदीप हसत अंगणात गेला. झाडाभोवती पट्टा फिरवून त्यानं कडी अडकवली, पाय रोवले आणि मागं झुकला. एक हात मात्र खोडावर होता.

"हात सोड."

"सोडतो ना."

"सोड मंग."

पाय जमिनीवर होते. पडला असता तर ढुंगणावर पडला असता, आणि दोघंही हसले असते. पण पट्ट्यातून बारीक कर्र असा आवाज आला आणि रोज खंब्याच्या टोकावर दोन्ही हात सोडणाऱ्या त्या गड्यानं कडुलिंबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. बराच वेळ त्यानं ती सोडली नाही. कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसून टाकलं.

मग त्यानं कडी काढली आणि तिथंच ठेकेदाराला फोन लावला. "साहेब, पट्टा गेला. नवा आल्याबिगर मी चढत नाई." पलीकडून ओरडणं सुरू झालं. ते संपल्यावर संदीपनं फोन खिशात टाकला.

"काय म्हनते?"

"उद्या तुषारले चढवतो म्हनते. सकाळी मानूस पाठवून पट्टा नेतो, त्याले द्याले."

तुषार म्हणजे पलीकडच्या गल्लीतला, गेल्याच महिन्यात कामाला लागलेला पोरगा. पट्ट्यावरचे टाके तर नवेकोरे दिसत होते. ते पाहून कोणीही तो बिनधास्त कमरेला बांधला असता.

कुसुम आत गेली आणि चामड्याची मोठी कात्री घेऊन आली. तिनं पट्टा मधोमध कापला, मग ते दोन तुकडे पुन्हा कापले. शेवटी स्वतःच्या दुहेरी शिलाईवरही कात्री चालवली. तिथं मात्र तिला फार जोर लावावा लागला.