पहिला तास कुणाचा

आमचा संगणक सुरू व्हायला इतका वेळ लावायचा की बटण दाबून मी अंघोळ करून यायचे, केस पुसून व्हायचे, आणि तरी पडद्यावर ते छोटं चक्र गरगरतच असायचं. राग माझ्या नाकावर एरवीही असतोच. त्या चक्रामुळे त्याने तिथे कायमचा मुक्काम ठोकला होता.

दोष यंत्राचा कमी आणि सासऱ्यांच्या नियमाचा जास्त होता. सासरे शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाले, पण घरात दोघांचं वाजलं की त्यांच्यातला पंच लगेच जागा होतो. संगणक एक, माणसं चार, आणि चौघांनाही तो सकाळी दहालाच हवा. तेव्हा त्यांनी निकाल दिला होता, "पडद्यावर ज्याची खिडकी आधी उघडेल, त्याचा पहिला तास. पुन्हा वाद नको."

यावर शहाण्या माणसांनी काय केलं असतं मला माहीत नाही. आम्ही काय केलं ते सांगते. नवऱ्याने संगणक सुरू होताच आपलं बुद्धिबळ आपोआप उघडेल अशी सोय करून घेतली. मी दुपारच्या शाळेत भूगोल शिकवते. मी माझ्या प्रश्नपत्रिकांची तीच सोय केली. सासऱ्यांनी ढगांचा नकाशा लावून घेतला, कारण कपडे गच्चीवर वाळत घालायचे की घरात, हे ते गच्चीवर जाऊन ठरवत नाहीत. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "माझे पत्ते पण लाव रे त्यात," आणि नवऱ्याने तेही लावून दिले. मग रोज बटण दाबलं की चौघांचे चार प्रोग्राम एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघायचे आणि दारातच अडकून बसायचे.

जिंकायच्या मात्र सासूबाई. पत्त्यांचा प्रोग्राम सगळ्यात हलका, त्यामुळे तोच आधी सुटायचा. साडेदहाला दूरच्या गावाहून त्यांची धाकटी बहीण पडद्यावरच खेळायला यायची. दोघी खेळता खेळता त्यातूनच बोलायच्या, म्हणजे भांडायच्या. प्रवास दोघींनाही झेपेनासा झाल्यापासून भेट म्हणजे तेवढीच. जी वेळेवर येणार नाही ती त्या दिवशी हरली, असा त्यांचा कायदा होता, आणि सासूबाई कधीच गैरहजर राहिल्या नव्हत्या.

म्हणूनच एका रविवारी दुपारी मी "आज मी या यंत्राला वठणीवर आणणार" असं जाहीर केलं, तेव्हा सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काही नडलंय का? चाललंय ते बरं चाललंय."

"चाललंय कुठे, आई? रांगतंय."

"रांगू दे. पोचतं ना?"

पण माझ्या अंगात एकदा शिरलं की शिरलं. मी खुर्ची ओढली. आधी उपरे हाकलले. त्यांत घरातून केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरची रोज सकाळी उठून चौकशी करणारा एक इमानी प्रोग्राम होता. मग मी घरच्यांकडे वळले. स्वतःच्या प्रश्नपत्रिकांचं आपोआप उघडणं बंद केलं, कारण सुरुवात दुसऱ्यापासून केली असती तर रणकंदन झालं असतं. नवऱ्याने दोन दिवस भांडी घासायची नाहीत या अटीवर बुद्धिबळ सोडलं. सासऱ्यांनी ढगांवर पाणी सोडलं. राहिले पत्ते.

"त्यांना हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग रोज तूच जिंकणार," सासरे म्हणाले. "आपोआप उघडणारी एकटी तूच. ही काय शर्यत झाली?"

मी मधला मार्ग काढला. "आई, असं करू. पहिला तास तुमचाच. आम्ही सगळ्यांनी तुम्हाला देऊन टाकला."

हे ऐकून त्या अशा काही ताठ झाल्या की मी जीभ चावली. "दिलेलं नको मला," त्या म्हणाल्या. "मी जिंकते तो तास."

"अहो, मग इतरांसारखे आपल्या हाताने उघडा पत्ते. मी प्रोग्राम पुसत नाहीये. तो तिथेच राहील, फक्त आपण होऊन उठणार नाही."

त्यांनी भाजीचं ताट बाजूला सरकवलं. मग हळूच म्हणाल्या, "मला येत नाही ते. तो आपोआप उघडतो म्हणून माझा उघडतो. बंद केलास तर रोज कुणाला तरी हाक मारावी लागेल. तुम्ही कामात असाल. एक दिवस कुणी येणार नाही, आणि धाकटीला वाटेल मी आलेच नाही."

मला फार वाईट वाटलं. नवरा खिडकीबाहेर काहीतरी अतिशय महत्त्वाचं असल्यासारखं बघायला लागला. पत्ते लावून द्यायला आम्हाला वेळ होता, शिकवायला नव्हता. आणि मी तर शिक्षिका!

तेव्हा पत्तेही बंद केले आणि शिकवणी सुरू झाली. सासूबाईंसारखी विद्यार्थिनी माझ्या वर्गात असती तर मी राजीनामा दिला असता. माउस त्या इस्त्रीसारखा दाबून फिरवत. "दोनदा टिचकी मारा" म्हटलं की एक आत्ता मारत आणि दुसरी विचार करून. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी एकमेकींवर भरपूर डाफरलो होतो, आणि पत्ते दहातून चारदा उघडत होते.

दुसऱ्या दिवशी दहाला नवऱ्याने बटण दाबलं, आणि तो खुर्ची ओढेपर्यंत पडदा तयार! चक्र दोनदा फिरलं असेल नसेल. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं, पण माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सासरे चष्मा शोधत होते, जो त्यांच्या नाकावर होता. नवऱ्याला अचानक बुटाची नाडी बांधायची होती.

"नाटकं बंद करा," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

पहिल्यांदा उघडला गणकयंत्राचा चौकोन. तो कसाबसा बंद झाला. मग पडदाभर ढग पसरले.

"नियमाने पाहिलं तर," सासरे घसा खाकरून म्हणाले, "माझी खिडकी आधी उघडली."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचा निकाल फिरवूनच बाहेर पडला. "पण ती मी उघडलेली नाही. सबब, धरता येत नाही."

सव्वादहा झाले. सासूबाईंच्या कपाळावर घाम आला. माझे हात इतके शिवशिवत होते की मी ते पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. त्या पत्त्यांच्या लाल-काळ्या चित्रावर बाण आणत, आणि टिचकी मारायच्या क्षणी तो निसटे. पुन्हा आणत, पुन्हा निसटे. एकदा त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हाक मारणार. पण त्यांनी चष्मा पदराने पुसला, माउस उचलून पुन्हा नीट ठेवला आणि एकामागून एक दोन टिचक्या मारल्या.

पत्ते उघडले. सासूबाईंच्या चित्राशेजारी हजेरीचा हिरवा ठिपका लागला. साडेदहाला दुसरा ठिपका लागला आणि धाकटीचा आवाज आला, "आहेस का गं ताई?"

"आहे. आज मी स्वतः उघडलं."

"म्हणजे? रोज कोण उघडायचं?"

"आपोआप उघडायचं. मला कुठे येत होतं!"

"अगं," मावशी म्हणाल्या, "मी आले की तुझा ठिपका रोज आधीच असायचा. मला वाटायचं, ताई माझी वाट बघत बसलीये."

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "बसायचेच की," त्या म्हणाल्या. "हे चालू व्हायच्याही आधीपासून बसायचे. आता पानं वाट."