लालभडक आर्मचा रुबाब

दरवर्षीच्या सहलीत टेकडीवर जाणाऱ्या गाड्यांत आपली जीप सगळ्यांत पुढे असावी, म्हणून भाऊजींनी वर्षभर मिनतवाऱ्या केल्या होत्या. मान मिळाला, तसे त्यांनी मागच्या सस्पेन्शनचे कंपनीचे काळे आर्म, म्हणजे चाकांना गाडीशी जोडणारे लोखंडी दांडे, काढून बाजारातले लालभडक आर्म आणले.

"मेकॅनिक कशाला? व्हिडिओ पाहिलाय मी," असं म्हणून जीप जॅकवर असतानाच, चाकं लोंबकळत असताना, त्यांनी बोल्ट करकचून आवळले. आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर त्याचा बोल्ट आवळायचा असतो. अधांतरी आवळला, तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि लवकरच फाटतो. व्हिडिओत हे सांगितलं असेलही, पण भाऊजी लाल रंग बघण्यात गुंग होते.

पहिल्याच चढावर मागून खडाक खडाक आवाज आला. भाऊजींनी गाणी मोठ्याने लावली. शेजारी बसलेल्या ताईने ती बंद केली.

"अहो, काहीतरी तुटतंय!"

"नवा माल आहे. जरा बोलणारच."

"बोलत नाहीये, बोंबलतोय."

इतक्यात जीपचं बूड डावीकडे सरकलं. भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांनी जीप कडेला घेतली.

"चल रे," मागच्या सीटवरच्या मला ताई म्हणाली. आम्ही मागून आलेल्या गाडीत चढलो. भाऊजी जीपला टेकून, जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ऐटीत हात करत होते.

"व्हा पुढे! मी मागून सगळ्यांवर लक्ष ठेवतो."