पाणी नाही तिथे पिल्लू नाही

चामटोलीच्या भगवंत गायकरांच्या जिभेवर साखर आहे, असं गाव म्हणे. त्यांची बायको तुळशी म्हणे, साखर कसली, तेल हाय तेल. शब्द आपोआप घसरत बाहेर येतात.

बदलापूरच्या आसपासच्या निम्म्या नव्या बिल्डिंगांत घरांची दलाली करणाऱ्या भगवंतशेठनी माणसं नेऊन बसवली होती. रस्ता आहे का? "होतोच आहे." स्टेशन लांब पडेल का हो? "लांब? अहो, रिक्षात बसून सुट्टे पैसे काढेपर्यंत पोचता." अमुक एक गोष्ट तिथे नाही, असं वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बंगल्याच्या ओटीवरची खोली म्हणजे ऑफिस. काचेचं टेबल, भिंतभर लेआउटचा नकाशा आणि गिऱ्हाइकांसाठी उल्हासनगरहून आणलेला गुबगुबीत सोफा. त्यात बसलेला माणूस इतका खोल जायचा, की उठायच्या आत निम्मा व्यवहार झालेला असे.

एके दिवशी डोंबिवलीचं एक जोडपं त्या सोफ्यात बसलं आणि सोफा रडायला लागला.

"शेठ," बाई दचकून उठल्या, "आत कुणीतरी आहे."

"नवीन स्प्रिंगा आहेत," भगवंतशेठ सवयीनं म्हणाले.

स्प्रिंग पुन्हा कुईकुई करू लागली. जोडपं चहा न घेताच गेलं. तुळशीनं आणि शेठनी मिळून सोफा उलटा केला, तर खालचं कापड फाडून गावातली चिमी कुत्री आत व्यालेली. भुईमुगाच्या शेंगांसारखी पाच पिल्लं एकमेकांवर रचून पडली होती. चिमीनं शेपटी हलवली. जणू घरमालकीण तीच, आणि हे दोघं फ्लॅट बघायला आलेत.

"उद्याच्या उद्या बाहेर काढतो सगळ्यांना," शेठ म्हणाले.

"बाळंतीण हाय ती," तुळशी म्हणाली. "दहा दिस थांबा. मंग बघू." आणि ती नाचणीची पेज करायला आत गेली.

ते दहा दिवस पुरे झालेच नाहीत. चिमीला ताप भरला, दूध आटलं आणि पिल्लं भुकेनं किंचाळायला लागली. मुलगी प्राची अंबरनाथच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, ती सकाळीच निघून गेली होती. तुळशी भाचीच्या हळदीला मुक्कामी गेली होती. तेव्हा शेठनीच चिमीला आणि पिल्लांना गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिनं चिमीला इंजेक्शन दिलं आणि शेठच्या हातात पावडरचा डबा ठेवला.

"आई बरी होईपर्यंत दर दोन-तीन तासांनी बाटलीनं पाजायचं. गाईचं दूध नको, पोट बिघडेल. आणि पाजून झालं की कोमट ओल्या कापडानं खालून पुसायचं, म्हणजे मोकळी होतात. एरवी आई चाटते ना, तसं."

शेठनी मागे वळून पाहिलं. बाई नक्की कुणाशी बोलतायत, ते त्यांना कळेना. मागे कुणीच नव्हतं.

मग चामटोलीनं एक वेगळाच देखावा पाहिला. दोन्ही हातांत अंगठ्या, गळ्यात चेन, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर पिल्लू आणि टेबलावर स्पीकरवर टाकलेला फोन. "हो साहेब, टायटल एकदम क्लिअर... झाली का? शाब्बास माझ्या राजा! नाही साहेब, तुम्हाला नाही म्हटलं." हळद आटपून तुळशी परत आली, तेव्हा नवऱ्यानं तिला पिल्लांना हात लावू दिला नाही. "हात धुवून ये आधी," म्हणाले. ज्या माणसानं पोटच्या पोरीचा लंगोट कधी बदलला नव्हता, तो हा असा बोलतोय म्हटल्यावर ती तिथेच पायरीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून हसली.

चिमी बरी झाली, पिल्लांचे डोळे उघडले, मग पाय फुटले आणि सगळ्यात शेवटी दात आले. दात आल्यावर ऑफिसचं ऑफिसपण संपलं. एका गिऱ्हाइकाचा मोजा गेला. दुसऱ्याची पेनं गेली. नकाशाचा खालचा कोपरा पिल्लांनी फाडून खाल्ला, नेमका तोच, जिथे हिरव्या रंगात बाग दाखवली होती.

"जाऊ दे," शेठ म्हणाले. "नायतरी ती होणार नव्हतीच."

पण गच्चीवर वाळत घातलेले पापड पिल्लांनी साफ केले, तेव्हा तुळशीनं कंबर कसली. "एक ठेवा चिमीला. बाकीची चांगल्या घरी द्या. अख्ख्या बदलापुराला घरां विकलीत, चार पिल्लांना घर मिलत नाय तुमाला?"

हे शेठना लागलं. त्यांनी लगेच व्हॉट्सअॅपला जाहिरात लिहून प्राचीला दाखवली: 'प्रशस्त, हवेशीर, मोक्याच्या ठिकाणी. त्वरा करा.'

"पप्पा, पिल्लू आहे ते. वन-बीएचके नाहीये."

प्राचीनं साधा मजकूर लिहिला, फोटो टाकले आणि माणसं यायला लागली. खरी पंचाईत इथून झाली. आयुष्यभर वस्तूचे दोष झाकून गुण सांगणारा माणूस गिऱ्हाइकांना एकेक दोषच सांगायला लागला.

पहिले आले लालवाणीशेठ. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांचं फर्निचरचं गोडाऊन, तो सोफा त्यांच्याकडचाच. "भगवंतभाई, गोडाऊन के लिए चाहिए. रात को भौंकेगा ना?"

"ये? ये चोर को पाणी देगा. पंखा भी लगायेगा."

"अरे साईं, बडा होके तो भौंकेगा!"

"बांधून ठेवणार का?"

"गोडाऊन है, बांधना तो पडेगा."

"मग नाही." हा शब्द शेठच्या तोंडून असा काही बाहेर पडला, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. लालवाणीशेठ तर सोफ्यातून उठायचंच विसरले.

त्यानंतर तुळशीचा सख्खा भाऊ हरिचंद्र जांभूळ गावाहून आला. त्याला शेतावर दोन पिल्लं हवी होती. शेठनी त्याला विचारलं, "म्हशीला पाणी दाखवलंस का आज?" हरिचंद्र आठवू लागला. "बग," शेठ तुळशीकडे वळून म्हणाले, "आठवाला लागतंय त्याला." त्या दिवशी तुळशीनं नवऱ्याला वरण वाढलं, पण वरणावर तूप वाढलं नाही.

अशी आठ-दहा माणसं परत गेली. कुणाच्या बाल्कनीला जाळी नव्हती. कुणाच्या घरी दिवसभर माणूस नसायचं. एक बाई तर केवळ 'क्यूट' हा शब्द फार वेळा म्हणाल्या म्हणून नापास झाल्या. मुलीला स्थळं बघताना बाप बघत नाही, इतक्या बारकाईनं शेठ बघत होते. प्राची म्हणाली, "पप्पा, माझ्या वेळी एवढं बघाल ना?"

मग एका रविवारी नरेंद्र वाघमारे आणि त्याची बायको स्वप्नाली आली. नरेंद्र एका फॅक्टरीत सुपरवायझर, ती शिक्षिका. आधी उल्हासनगरला भाड्यानं राहायचे, आता बदलापुरात स्वतःच्या फ्लॅटमध्ये. आल्या आल्या स्वप्नाली सरळ फरशीवर बसली. सगळ्यांत लहानखुरं पिल्लू, पांढऱ्या पायांचं, ज्याला प्राची सोनू म्हणायची, ते लुटुलुटु आलं आणि तिच्या ओढणीत शिरून झोपलं. शेठना जोडपं आवडलं. तरी प्रश्न ते प्रश्न.

"बाल्कनीला जाळी?"

"आहे."

"घरी कोण असतं?"

"माझी आई असते," नरेंद्र म्हणाला.

"वा. आणि पाणी?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "टँकर येतो," नरेंद्र म्हणाला. "एक दिवसाआड. कधी येतही नाही."

शेठची मान नकारार्थी हलायला लागली. "छे छे. मग कसं जमायचं? मुका जीव आहे. उन्हाळ्यात त्याला सारखं पाणी लागतं, पुसायला लागतं, धुवायला लागतं. असल्या बिल्डिंगमध्ये जीव ठेवायचाच कसा मी? रागावू नका, पण घर घेताना माणसानं पाण्याचं आधी विचारायला नको?"

"विचारलं होतं, काका," स्वप्नाली म्हणाली. आवाज चढवला नव्हता. पिल्लू झोपलं होतं. "ह्याच सोफ्यावर बसून. तुम्हालाच."

शेठनी दोघांकडे नीट निरखून पाहिलं, आणि आत्ता कुठे त्यांना ते चेहरे आठवले.

"तुम्ही म्हणालात, पाण्याची काय काळजी करता, मोठी पाइपलाइन तुमच्या दारासमोरून जाते."

"जाते ना," शेठ पुटपुटले.

"हो, जाते," नरेंद्र म्हणाला. "थांबत नाही."

स्वप्नालीनं पिल्लाला हळूच ओढणीतून सोडवून शेठच्या मांडीवर ठेवलं. "पिल्लाला पाण्याशिवाय पाठवणार नाही म्हणता, ते बरोबरच आहे तुमचं," ती म्हणाली, आणि ती दोघं निघाली. आतल्या दारात तुळशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पाठ फिरवून आत गेली. तुळशीनं पाठ फिरवली म्हणजे काय, हे शेठना पंचवीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. गुन्हा केल्यासारखं वाटत होतं असं नाही. धंदा म्हटला की बोलावं लागतं. पण त्या पोरीनं पिल्लू ज्या अलगद हातानं परत ठेवलं, ते काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी शेठ नरेंद्रच्या बिल्डिंगच्या बिल्डरकडे निघाले. नळजोडणीसाठी लागणारे पूर्णत्वाचे कागद बिल्डरनं दिले नव्हते, म्हणून सगळं अडलं होतं. तुळशी बाजारात, प्राची कामावर, आणि घरी सोडली तर पिल्लं नकाशाचं उरलेलं बदलापूर खातील. म्हणून चिमी वगळता पाचही जणांना त्यांनी भाजीच्या क्रेटमध्ये घातलं आणि बरोबर घेतलं.

बिल्डरचं ऑफिस म्हणजे आरसा. मधोमध काचेच्या टेबलावर नव्या प्रोजेक्टचं मॉडेल: टॉवर, बोटभर उंचीची झाडं, निळा स्विमिंग पूल. रिसेप्शनवरच्या उमानं क्रेटमध्ये डोकावून "अय्या!" केलं आणि एकाला उचलून मांडीवर घेतलं. बाकीच्यांना हा पक्षपात वाटला असावा. त्यांनी क्रेट उलटा केला.

बिल्डर केबिनमधून बाहेर आला तो म्हणत, "भगवंतशेठ, त्या कागदांचं पुढच्या महिन्यात बघू."

"बसतो मी तोवर," शेठ म्हणाले आणि बसले.

दोन पिल्लं मॉडेल बघायला आलेल्या एका बड्या गिऱ्हाइकाच्या पायांत घुसली. एकानं खुर्चीवरून टेबल गाठलं, टॉवरच्या ए विंगला दातांत धरून पाडलं. आणि सोनूनं अख्ख्या मॉडेलला एक फेरी मारली, जागा पसंत केली आणि स्विमिंग पूलमध्ये बसून पूल भरला.

"चला," शेठ म्हणाले, "तुमच्या एका तरी प्रोजेक्टला पाणी लागलं."

गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं आणि लगेच हसायचं थांबलं. "एका तरी म्हणजे?" त्यानं विचारलं. "बाकीच्यांना नाही का?"

बिल्डरनं शेठकडे पाहिलं. शेठनी तोंड उघडलं असतं तर सांभाळून घेतलं असतं, आजवर घेत आलेच होते. पण ते सोनूला रुमालानं पुसत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते गिऱ्हाइकापुढे गप्प बसले. ते गप्प बसणं बिल्डरला चांगलंच महागात पडणार होतं. "उमा," तो घाईघाईनं म्हणाला, "ती फाइल काढ."

उमानं एका हातानं फाइल काढली. दुसऱ्या हातातलं पिल्लू तिनं शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही, आणि संध्याकाळी ते तिच्याबरोबरच घरी गेलं.

कागद निघाले म्हणून पाणी लगेच आलं नाही. शेठनी त्यासाठी कचेऱ्यांच्या इतक्या चकरा मारल्या, की शिपायांना पिल्लांची खुशाली विचारायची सवय लागली. मधल्या काळात लालवाणीशेठ परत आले, या वेळी आईला घेऊन. म्हातारी सोफ्यात बसली, पिल्लू मांडीवर घेतलं आणि सिंधीत त्याच्याशी जे बोलायला लागली ते थांबेचना. गोडाऊनचं नाव कुणी काढलं नाही. हरिचंद्रालाही एक मिळालं, पण तुळशी स्वतः जांभूळला राहून, भावाला ताट-पाण्याच्या वेळा घोकवून आली. एक पिल्लू चिमीपाशी राहिलं. सोनू तेवढी कुणाला दाखवलीच नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडावर नरेंद्रचा फोन आला. "काका, आलं."

शेठ सोनूला घेऊन गेले. चार मजले चढून घरात शिरले आणि कुणाशी काही न बोलता थेट स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. धार पडली. बंद केला, पुन्हा सोडला. मग बाथरूमचाही बघितला. नरेंद्रची आई दारात उभी राहून बघत होती, हा प्लंबर कधी बोलावला म्हणून.

स्वप्नालीनं चहा दिला. तिनं आभार मानले नाहीत, आणि शेठनाही ते नको होते. सोनू नव्या घराचे कोपरे हुंगत फिरत होती. तिचं लक्ष नाही असं बघून शेठ हळूच निघाले. दार लागलं आणि आतून रडणं सुरू झालं.

शेठ तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले. थांबेल आता, थांबेल, म्हणत कठड्याला धरून उभे राहिले. तेवढ्यात खालच्या फ्लॅटमधून एक गृहस्थ बाहेर आले. "कोण पाहिजे?"

"कुणी नाही. पाणी आलंय का, बघायला आलो होतो."

"पाण्याचं तुम्ही केलंत का?" गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी आत हाक मारली, शेजारचं दार ठोठावलं, आणि बघता बघता जिन्यात पाच-सहा माणसं जमली. "मग आता लिफ्टचं कधी?" "गच्ची गळते हो सगळी!" "पार्किंगला शेड देणार होते!"

भगवंतशेठच्या जिभेवर 'होतंच आहे' आलं होतं. वरच्या मजल्यावरचं रडणं आता हळूहळू कमी होत होतं, मधूनच एखादा हुंदका. ते पूर्ण थांबेपर्यंत त्यांना तिथून हलायचं नव्हतंच. त्यांनी रुमालानं पायरी झटकली आणि खाली बसले.

"लिफ्टचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "सांगा, नक्की काय झालंय."