चौथा सामना

लादिपो जुगारी आहे, असं मोरेनिकेला कुणासमोर म्हणताच येत नसे. जुगाऱ्याची बायको निदान चारचौघांत रडून मोकळी होते. तिला तीही सोय नव्हती.

नायजेरियातल्या इबादान शहरात, त्यांच्या गल्लीत शनिवार आला की जो तो दहा-पंधरा फुटबॉल सामन्यांचं तिकीट लावी आणि संध्याकाळी कपाळ बडवून घेई. तिकिटावरचे सगळे संघ जिंकले तरच पैसे. एक जरी हरला की तिकीट कापलं गेलं. पण सामना वाढवला की भाव गुणाकाराने फुगतो, मग हाव कशी आवरणार? लादिपो मात्र तीनच लावी. तिन्ही संघ घरच्या मैदानावर खेळणारे. स्वतःच्या लाडक्या संघावर कधी नाही, हरल्यावर रक्कम वाढवायची नाही, फोनवरून तर मुळीच नाही. बँकेची शाखा बंद पडून नोकरी गेली तेव्हापासून त्याचं हे व्रत चालू होतं. गल्ली त्याला ‘प्रोफेसर’ म्हणे, आणि त्याला ते खरंच वाटे.

अशा शिस्तीने माणूस बुडत नाही, हीच तर गोम आहे. बुडाला असता तर तळाला पाय टेकून वर तरी आला असता. हा गळ्याएवढ्या पाण्यात मजेत उभा, आणि लेक तेनीसकट सगळं घर चाललेलं मोरेनिकेच्या शिलाई मशीनवर. तिची पाठ गेली होती, डोळे चुरचुरत. सगळ्यात जास्त ती त्याला समजावून समजावून थकली होती.

थोरल्या दिराने ओग्बोमोशोच्या मिशन शाळेत हिशेबनिसाची जागा याच्यासाठी धरून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

“या शनिवारचं तिकीट कापलं गेलं तर सोमवारी बस धरतो,” लादिपो म्हणाला. “आईची शपथ.”

“आणि लागलं तर?”

“तर माझी पद्धत बरोबर आहे, एवढं सिद्ध होईल. मग दादाला सांग, तेनीच्या बाबांना वेळ नाही.”

शनिवारी सकाळी त्याला मलेरियाने गाठलं. दोन पांघरुणांखालून त्याने हात बाहेर काढला आणि तीन सामने लिहिलेली चिठ्ठी तिला दिली. “तेनीची आई, अक्षर न् अक्षर असंच सांग हं. आपल्या अकला चालवू नकोस.”

मोरेनिके आयुष्यात पहिल्यांदा सट्ट्याच्या दुकानाची पायरी चढली. खिडकीमागे रिसिकात बसली होती. तिचे ईदचे कपडे मोरेनिकेच शिवून देई.

“अगं बाई, ताई तुम्ही? प्रोफेसर वारले की काय?”

“ताप आहे नुसता. एवढी कुठली माझी सुटका!” मोरेनिकेने चिठ्ठी पुढे केली. मग मागे कुणी नाही असं बघून हळूच विचारलं, “रिसिकात, आज नक्की कोण हरणार आहे गं?”

“हरणार? लोक जिंकणारे विचारतात, ताई.”

“मी हरणारा विचारतेय.”

रिसिकातने पडद्यावर बोट ठेवलं. इंग्लंडमधला तळाचा संघ, पाहुणा म्हणून पहिल्या नंबराच्या घरी चाललेला. “यांच्यावर यांची आईसुद्धा पैसे लावायची नाही.”

“घाल. चौथा म्हणून घाल. हे जिंकणार म्हणून.”

“प्रोफेसरांचे तीन असतात.”

“आज चार आहेत.”

परत येताना तिला हलकं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. आजारी नवऱ्याचा घात केला होता तिने. पण सहा दिवस मशीन हाकणाऱ्या बाईने देवाच्या भरवशावर किती बसायचं?

दुपारी वीज गेली. लादिपो रेडिओ उशाशी घेऊन पडला होता आणि ती अगबो हा झाडपाल्याचा कडू काढा ढवळत होती. त्याचा पहिला सामना लागला. दुसरा लागला. तिसरा संपला तेव्हा तो अंथरुणात उठून बसला. डोळे तापाने आणि विजयाने लाल झाले होते.

“बघितलंस? शिस्त! दादाला फोन लाव.”

“तिकीट गेल्यातच जमा,” मोरेनिके म्हणाली. लपवण्याचं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं. “मी चौथा घातला, अजून चाललाय तो. तळाचा संघ.”

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. त्याने रेडिओ बंद केला. मग सावकाश आडवा झाला.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “खरं सांगू? मलाही कंटाळा आला होता गं. दर शनिवारी शहाणं राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे? बॅग काढ. करड्या पँटला इस्त्री लागेल.”

मोरेनिकेने पलंगाखालून बॅग ओढली. शर्टांच्या घड्या घालून आत ठेवल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणी काहीतरी दिलं होतं. त्याने खोकत खोकत मोजे मागितले, तेही तिने ठेवले.

तेवढ्यात शेजारच्या मुफूच्या शेडमधून आरडाओरडा झाला. मुफू जनरेटर लावून लोकांना सामने दाखवी. थोड्या वेळाने तो स्वतःच दारात येऊन धापा टाकू लागला, मागे निम्मी गल्ली.

“प्रोफेसर! शेवटच्या मिनिटाला! तळाच्यांनी पहिल्या नंबरला पाडलं! रिसिकात सांगतेय, आख्ख्या इबादानात एक तुमचंच तिकीट त्यांच्यावर होतं!”

लादिपो पांघरूण फेकून उठला. त्याने तिकीट हातात घेतलं, ओठ हलवत भाव गुणला, पुन्हा गुणला. मग मोरेनिकेकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

“तीन वर्षं मी तीन-तीन करत कुजलो,” तो म्हणाला. “आणि हा भाग्याचा हात माझ्या घरातच होता!”

“अहो,” मोरेनिके सगळ्यांसमोर किंचाळली, “ते हरावेत म्हणून लावले होते मी! तुम्ही हरावं म्हणून!”

मुफूने कपाळाला हात लावला. लादिपोला मात्र हसू फुटलं, पोट धरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने शर्टांनी भरलेली बॅग बाजूला सारून तिला शेजारी बसायला जागा केली आणि पेन मागितलं.

“मग पुढच्या शनिवारीही,” तो म्हणाला, “तू हरण्यासाठीच निवड. दहा सामने.”