हळद लागलेली क्लच प्लेट

माझं लग्न एका क्लच प्लेटमुळे ठरलं, आणि मोडायला आलं तेही तिच्यामुळेच. हसू येत असेल तर खुशाल हसा. मी स्वतः माझ्या साखरपुड्यात इतकी हसले की आईने मला पाठीत दोन धपाटे घातले होते.

ब्याण्णव सालची गोष्ट. मी आपटा गावची. बारावी झाल्यावर पनवेलला, जुन्या हायवेच्या कडेला, नियाजभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर लागले. माझ्या बाबांची, म्हणजे काशिराम गिरणवाल्यांची, अशी समजूत होती की मुलगी आत पंख्याखाली बसून फक्त बिलं लिहिते. प्रत्यक्षात मी दिवसभर ड्रायव्हर लोकांशी भांडत असे. हा बेल्ट घे, तो नको. हे लायनर बघ, रिवेट वाकडे आहेत. नियाजभाई मागे खुर्चीत बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, "बोलने दो, बोलने दो. बेटा बोलते तेव्हाच माल उठतो."

सगळ्यात जास्त भांडण व्हायचं सुदामशी. सुदाम बेलपाड्याचा. मामाकडून आलेली त्याची जुनी पिकप खारघरच्या बांधकामांवर खडी, विटा, जे मिळेल ते वाहायची. आणि ती पिकप दर दोन-चार दिवसांनी आजारी पडायची. सुदाम दारात उभा राहून केस नीट करायचा, मग आत यायचा. मी त्याच्यापुढे तीन खोकी मांडायची. एक कंपनीचा माल, एक बरा, आणि एक डुप्लिकेट, कारण काही गिऱ्हाइकांना तोच लागतो. सुदाम तिन्ही खोकी उचलून बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि बोट ठेवायचा ते नेमकं डुप्लिकेटवर.

"अहो, हा बेल्ट आठवड्यात फाटेल," मी म्हणायची.

"फाटू दे ना," तो म्हणायचा आणि खूश होऊन निघून जायचा.

मला वाटायचं, माणूस दिसायला बरा आहे, बोलायला गोड आहे, पण अक्कल जरा कमी आहे. तरी तो दोन दिवस आला नाही की माझं बिलात लक्ष लागायचं नाही. याचा अर्थ काय, ते मला कळत होतं. नियाजभाईंना त्याच्याही आधी कळलं होतं.

तर एके दिवशी सुदामच्या आत्येने आमच्याकडे रीतसर स्थळ आणलं. मी दुकानातल्या ओळखीचा शब्दही काढला नाही. बाबांना वाटलं, ही दोघं एकमेकांना पहिल्यांदाच बघणार. रविवारी मंडळी मला बघायला निघाली. आमचं घर नदीकडून वर येणाऱ्या चढाच्या टोकाला आहे. मी नवी साडी नेसून, पोह्यांची बशी हातात घेऊन दाराआड उभी, आणि खालून आवाज आला, खर्र, खर्र, मग काहीच नाही. पिकप अर्ध्या चढावर बसली होती. बेल्ट तुटलेला, क्लच गेलेला. शेवटी बाबांनी गिरणीतली माणसं बोलावली आणि स्वतःही मागून खांदा लावला. नवरदेवाची गाडी सासऱ्याने ढकलत दारात आणली.

बाबांची भाताची गिरण कधी बंद पडलेली गावात कुणी पाहिली नाही. बंद मशीन बघितलं की त्यांचं डोकं फिरतं. पोहे खाल्ले, मुलगा आवडला, घरदार आवडलं, आणि उठताना त्यांनी सांगितलं, "पोरगा चांगला हाय. पन जेची गारी मना ढकलाला लागते, तेला मी पोर देनार नाय. फुरच्या आयतवारी या. गारी मानसांनी भरून आना. कुनी हात लावाचा नाय, कुनी खाली उतराचा नाय. चढ चढली तर साकरपुरा. नाय चढली तर राम राम."

सोमवारी सुदाम दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. मी वाटच बघत होते.

"किती वेळा सांगितलं होतं!" मी ओरडले. "प्रत्येक वेळी चांगला माल समोर ठेवला. प्रत्येक वेळी तुम्ही कचरा उचललात. का?"

तो काउंटरवरचा एक वॉशर बोटाने फिरवत बसला.

"बोला ना! का?"

"चांगला माल घेतला असता तर वरीसभर टिकला असता," तो म्हणाला. "मंग मी हितं कशाला आलो असतो?"

मला हे समजायला जरा वेळ लागला. मग एकदम सगळं समजलं. फाटलेले बेल्ट, गळके सील, दर आठवड्याला जाणारे लायनर. या माणसाने माझ्यासाठी आपली गाडी हौसेने मारली होती. मागे नियाजभाईंना चहाचा ठसका लागला. "तोबा, तोबा," ते म्हणाले, "आणि मी समजत होतो की माझा डुप्लिकेट माल लय फेमस झालाय." मला इतकं हसू आलं की खाली बसून घ्यावं लागलं. गालही गरम झाले होते, ते लपवायलाही खाली बसणं बरंच होतं.

पण हसून भागणार नव्हतं. रविवारपर्यंत त्या म्हाताऱ्या पिकपचं सगळं पोट बदलायचं होतं, आणि यात माझं अख्खं लग्न अडकलेलं. मी पदर खोचला. शटरच्या आतली सगळी खोकी खाली काढायला लावली. बेल्ट उलटा दुमडून बघितला, रबराला बारीक चीर दिसली की बाजूला. बेअरिंग कानाशी धरून फिरवलं, आतून किरकिर ऐकू आली की परत. खोक्यावरची छपाई नखाने खरवडली, शाई निघाली की ते खोकं नियाजभाईंच्या अंगावर. पाण्याच्या पंपाचं सील हुंगून बघितलं. सुदाम नुसता बघत उभा होता.

"असे बघू नका, हे धरा," मी म्हणाले आणि त्याच्या हातात डिझेल फिल्टर दिला.

क्लच प्लेटसाठी मात्र मी हटून बसले. दुकानातल्या सगळ्या प्लेटा नाकारल्या. एकीच्या स्प्रिंगा सैल, एकीचे रिवेट वर आलेले. शेवटी नियाजभाई कुरकुरत माळ्यावर चढले आणि मेणकागदात गुंडाळलेली एक प्लेट खाली घेऊन आले. घरच्या जीपसाठी जपून ठेवलेली, पण पिकपलाही तीच बसायची. स्प्रिंगा घट्ट, लायनिंग एकसारखं, कुठे ओरखडा नाही. मी ती दोन्ही हातांत धरली आणि मला खरंच गहिवरून आलं. क्लच प्लेट बघून रडू येणारी पनवेलमध्ये मी एकटीच असेन.

"ले जा," नियाजभाई सुदामला म्हणाले. "माझ्याकडून आहेर समज. पण चढ चढली नाही तर मला तोंड दाखवू नको."

आता पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. सुदामची आई सोनाबाई. नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढे ठेवायची, हा त्यांचा नेम. आणि ही तर पोराचं लग्न ठरवणारी वस्तू! त्यांनी प्लेट देव्हाऱ्यात पाटावर ठेवली. कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण आमच्यात लग्न म्हटलं की हळद, आणि हळद म्हटलं की ती तेलात कालवलेली. त्यांनी वाटीभर हळद कालवली, आधी सुदामच्या कपाळाला बोट लावलं, आणि मग त्या प्लेटला दोन्ही बाजूंनी चोळून चोळून लावली. शेजारच्या दोघी-तिघींनी धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, म्हटला. मग पदराने प्लेट पुसली आणि पोराच्या हातात दिली.

सुदाम गाडी स्वतःच खोलत होता. प्लेट पिवळसर दिसतेय, एवढं त्याच्या लक्षात आलं. त्याला वाटलं, उंची माल आहे, रंग असेल. प्रेमात पडलेल्या माणसाकडून मी यापेक्षा जास्त अपेक्षा करत नाही.

रविवार आला. पिकप बेलपाड्याहून निघाली ती झोकात. मागे माणसं दाटीवाटीने बसलेली, बायका गाणी म्हणतायत, पुढे सोनाबाई, आणि साक्षीदार म्हणून डोक्यावर नवी टोपी घातलेले नियाजभाई. सपाट रस्त्यावर गाडी पाण्यासारखी आली. मी चढाच्या टोकाला उभी होते, बाबांच्या मागे. अख्खं गाव कडेला जमलं होतं. गाडी वळणावर दिसली आणि चढाला लागली.

पाव चढ चढली. अर्धा चढली. आणि मग इंजिन बोंबलायला लागलं, पण गाडी जागची हलेना. सुदाम आणखी ॲक्सिलेटर दाबतोय, इंजिन आणखी ओरडतंय, चाकं मात्र ढिम्म. बायकांचं गाणं थांबलं. गावातली दोन पोरं ढकलायला पुढे सरकली, बाबांनी हात वर केला. "कुनी हात लावाचा नाय!"

मला काही सुचेना. प्लेट मी निवडली होती. रिवेट न् रिवेट बघितला होता. माझीच निवड चुकली? नियाजभाईंनी मला डुप्लिकेट दिली? ते गाडीतूनच हात जोडून ओरडत होते, "खुदा कसम, ओरिजिनल आहे! ओरिजिनल!"

तेवढ्यात वास आला. जळक्या रबराचा नाही. चढावर सगळीकडे फोडणीचा वास सुटला, तेलात हळद टाकल्यावर सुटतो तो. गाडीखालून पिवळट धूर निघत होता. कडेची एक म्हातारी म्हणाली, "जेवान तयार झाला वाटतं." पुढच्या सीटवर सोनाबाईंनी तोंडाला पदर लावला होता, आणि त्यांचे डोळे बघून मला सगळा उलगडा झाला. या बाईने क्लच प्लेटला हळद लावली! तेलातली! आणि तेल लागलेली प्लेट चढावर पकडत नाही, नुसती घसरते.

मग मी काय केलं, ते आपट्यात अजून सांगतात. मी बाबांना बाजूला सारलं, साडी वर धरली, आणि चढावरून खाली पळत सुटले. "सोडू नका!" मी ओरडले. "क्लचवरचा पाय काढा आणि ॲक्सिलेटर दाबत राहा! तेल आहे तिच्यावर! जळू दे! सगळं जळू दे!"

सुदामने माझ्याकडे बघितलं आणि दाबलं. इंजिन किंचाळलं. धूर इतका झाला की गाडी दिसेना, नियाजभाईंची टोपी तेवढी दिसत होती. मी धुरात उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडतेय, "जळू दे! जळू दे!" आणि एकदम तेल संपलं. प्लेटने पकडलं. गाडीने अशी उडी घेतली की मागच्या सगळ्या बायका एकमेकींच्या मांडीवर बसल्या. मला जेमतेम बाजूला होता आलं. पिकप चढ चढली, बाबांच्या पुढून गेली, अंगणातून गेली, आणि आमच्या तुळशीपासून हातभर अंतरावर थांबली.

बाबा हळूहळू चालत गाडीपाशी गेले. वाकून खाली बघितलं, नाकाने वास घेतला.

"कुनी लावली हलद?"

"मी लावली," सोनाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "पोराला लावली, मंग प्लेटीला लावली. माजंच चुकलं."

"मावशी," नियाजभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "क्लचला तेल? क्लचला?"

बाबा वळले आणि माझ्याकडे बघितलं. माझे केस सुटलेले, साडी धुराने काळी झालेली. मी हसत होते आणि रडतही होते, थांबता येत नव्हतं. "पोरी," ते म्हणाले, "नीट बगून घेतलास का याला? का उगीच नाचतेस?"

"नीट बघितलंय, बाबा," माझ्या तोंडून निघून गेलं. "रोज तर बघते."

"रोज? कुटं?"

आता झालं. जिंकलेलं सगळं माझ्याच तोंडाने गेलं. मी ओठ चावले. नियाजभाई आकाशाकडे बघायला लागले. सुदाम गाडीतून उतरला, बाबांच्या समोर उभा राहिला. त्याला गप्प राहता आलं असतं. पण तो म्हणाला, "दुकानात. मी मुद्दाम खराब माल घ्यायचो. लवकर बिगडला की परत जावाला मिलायचा. म्हनून त्या दिवशी गारी बंद परली."

बाबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ते ओट्यावर जाऊन बसले. खांदे हलायला लागले. आई धावत आली, तिला वाटलं त्यांना काही झालं. बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग हसायचे थांबले तरी डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. त्यांनी ते धोतराच्या टोकाने पुसलं.

"जावाय," ते सुदामला म्हणाले. "आता सगला माल चांगला हाय ना गारीत?"

"हाय."

"मंग आयक. बेलपारा लांब हाय. मना गारीची हौस नव्हती रं, मी आपला बगत होतो, माजी पोर कवा मनात आलं तर माज्या दाराशी येवाला पायजे. गारी बंद परली म्हनून ती आली नाय, आसं मना कवाच सांगाचा नाय."

"नाय सांगनार," सुदाम म्हणाला.

बाबांनी आईला हाक मारून साखर मागवली. मी त्यांच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसले, धुरकटलेल्या साडीसकट, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो साखर येईपर्यंत काढला नाही.