दुसऱ्या मात्रेवरची टाळी

साताऱ्याहून जयपूरला बदली झाली आणि विमा कंपनीत साहेब असलेले आमचे श्रीपादराव स्विंग शिकू लागले. जुन्या अमेरिकन जॅझवर जोडीनं करायचा हा नाच. दुर्गापुऱ्यातल्या एका गच्चीवर दर रविवारी क्लास असतो. माणसाला छंद असावा, माझं काही म्हणणं नाही. पण यांना छंद लागला की लगेच उपदेश फुटतो.

"आपल्या लोकांना टाळीसुद्धा वाजवता येत नाही, विभा. पहिल्या मात्रेवर वाजवतात. गावंढळ. खरी मजा दुसरीवर आणि चौथीवर असते."

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला यांनी ते अमलात आणलं. डोळे मिटून, मान डोलवत, सगळ्यांच्या मधेमधे टाळी. शेजारची मुलं गोंधळली, झांजवाला बिचकला आणि आरती झिंगल्यासारखी चालू लागली. निवृत्त सुभेदार सर्जेराव हळूच म्हणाले, "साहेब, घाई नको, प्रसाद सगळ्यांना मिळणार आहे."

परवा क्लासचा कार्यक्रम होता. हे पँटला गॅलिस लावून, दोनरंगी बूट घालून सगळ्यांत पुढे उभे. गाणं सुरू झालं आणि अख्खी गच्ची दुसऱ्या मात्रेवर टाळ्या देऊ लागली. मीसुद्धा दिल्या, कान उघडे असले की जमतं, त्याला क्लास लागत नाही. एकटे श्रीपादराव पहिलीवर. खणखणीत, भक्तिभावानं, थेट आरतीची टाळी.

परतताना गाडीत म्हणाले, "या जयपूरवाल्यांना तालच नाही."