उलटा राहिलेला खटका

मित्रांनो, मी मासेमारीचे एक जुने रीळ आहे. आज मात्र जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर, तुकड्यातुकड्यांनी पसरलो आहे. तेव्हा जो तुकडा समोर येईल, तिथूनच सांगतो.

चौकट. हे माझे अंग, एका कारागिराने लेथवर कातलेले. खालचा पाय काठीला घट्ट बसतो.

फिरकी. ही चौकटीत फिरते, हिच्यावर दोरी गुंडाळतात. दोरीच्या टोकाला गळ आणि गळावर पिसांची खोटी माशी. माझे मालक व्यवसायाने न्हावी. पिसे संपली की दुकानातले केस माशीला बांधत. मालकीणबाई विचारत, "आज कोणाच्या मिशा पोहायला निघाल्या?"

मूठ. मालक उजव्या हाताने काठी झुलवत आणि डाव्या हाताने ही मूठ फिरवत. परतल्यावर मला धूत, पुसत, तेलाचा थेंब देत. फार सुखाचे दिवस होते ते! पुढे त्यांचा उजवा खांदा आखडला. काठी उचलेना. मी खणात, जुन्या टॉवेलांखाली गेलो.

मागच्या आठवड्यात त्यांनी हात बदलायचे ठरवले. काठी डावीकडे, मूठ उजवीकडे. त्यासाठी सगळी दोरी काढून उलट दिशेने गुंडाळली. नदीवर मासा लागला, पळाला आणि फिरकी अशी सुसाट सुटली की दोरीचा नुसता गुंता! मूठ फिरवावी तर ती जड.

"या वयात हात बदलत नाहीत," मालक घरी येऊन म्हणाले. "विकून टाकतो सगळं."

"विका खुशाल. आधी उघडून तरी बघू द्या," मालकीणबाई म्हणाल्या. त्या शिवणकाम करतात. यंत्र अडले की आधी उघडतात.

खटका. माझा सगळ्यात छोटा तुकडा. तो फिरकीच्या दातेरी चाकावर घासतो. एका दिशेने घट्ट, म्हणजे पळणारा मासा दमावा. दुसऱ्या दिशेने सैल, म्हणजे दोरी सहज गुंडाळावी.

मालकीणबाईंनी बोटाने चाक इकडे फिरवले, तिकडे फिरवले.

"अहो, दोरी उलटी केलीत आणि खटका तसाच ठेवलात!"

"म्हणजे?"

"म्हणजे मासा मोकळा आणि तुम्ही अडकलेले."

मालक खो खो हसले. खटका त्यांनी स्वतःच उलटा बसवला, डाव्या हाताने.

आता मी पुन्हा अखंड आहे. मालकीणबाई दोरीचे टोक धरून व्हरांड्यात धावल्या. "मी मासा! धरा!"

कर्रर्र! किती दिवसांनी माझा आवाज ऐकला मी!

"अगं, हळू!"

"मासा हळू पळतो का?"

मालकांनी उजव्या हाताने मूठ फिरवत त्यांना खुर्चीपर्यंत ओढत आणले. "एवढा जड मासा? दोरी बदलावी लागणार!" त्यावर पाठीत एक धपाटा बसला.

मित्रांनो, आम्हाला धुवा, पुसा, तेल द्या. आणि अडलोच, तर टाकून देण्याआधी एकदा उघडून बघा. मालकांनी मला पिशवीत ठेवले आहे. सकाळी नदीवर जायचे आहे. शेजारच्या डबीत कोणाच्या तरी मिशा तयार आहेत.